कौलावरचा थेंब

माझ्या भावाच्या अंगाला जळक्या तेलाचा वास यायचा. सणासुदीला शिकेकाईनं न्हाऊन, धुतलेलं धोतर नेसून आला तरी तो दारात पोचल्याचं मला आत चुलीपाशी कळायचं. माझ्या सासरी त्याची थट्टा व्हायची. "पावणं आलं, खिडक्या उघडा," असं माझी जाऊ मुद्दाम मोठ्यानं म्हणायची. तिचं नाक फार मोठं होतं, सगळ्या अर्थांनी. आमच्या घरी तेलाचा घाणा होता. करडई, भुईमुगाची शेंग, तीळ, जवस, जे येईल ते आम्ही गाळत होतो, तेव्हा वास आम्हालाही होताच. आमचा वास खाण्याच्या तेलाचा, म्हणून त्याला कुणी नाक मुरडत नव्हतं.

ही गोष्ट मागच्या महाराजांच्या राज्यातली आहे. कोल्हापुरात आगगाडी येऊन काही वर्षं झाली होती. शाहूपुरीची नवी पेठ वसत होती आणि जो तो तिथं एखादं दुकान असावं म्हणून झुरत होता. रॉकेलचे डबे गल्लीबोळांत पोचले होते, एरंडेलाचा दिवा म्हाताऱ्यांच्या खोलीपुरता उरला होता. मी लिहायला फार उशिरा शिकले, नातवाच्या पाटीवर. अक्षर वाकडं आहे ते चालवून घ्या. सांगते आहे त्यात वाकडं काही नाही.

आई गेली तेव्हा भाऊ रांगत होता. त्याला मी वाढवला. मी स्वतःच परकर सावरत पाणी भरणारी पोर, पण त्याला कडेवर घेऊन सगळं केलं. माझं लग्न झालं तेव्हा तो वरातीच्या गाडीमागं नदीपर्यंत रडत आला होता. तो मला आक्का म्हणायचा. मिसरूड फुटली, लग्न झालं, तरी माझ्याकडं आला की माझ्या पुढ्यात बसूनच जेवायचा आणि भाकरी मीच मोडून द्यायची.

तो रोगण करायचा. आता पाणी उपसायच्या चामडी मोटा गेल्या, विहिरींवर इंजिनं आली, त्यामुळं हा शब्द नव्या पोरांना ठाऊक नसेल. करडईचं तेल मोठ्या कढईत दिवसभर उकळायचं. ते काळं आणि जाड होत जातं, धूर असा निघतो की डोळे उघडत नाहीत, म्हणून भट्टी गावाबाहेर माळावर. मग ते कढत तेल थंड पाण्यावर ओतायचं. त्याचा घट्ट, चिकट गोळा होतो, तेच रोगण. शेतकरी आपली नवी मोट घेऊन यायचे. तिच्या चामड्याला आणि शिवणीला भाऊ ते रोगण चोळायचा आणि ती माळावर उन्हात टांगायचा. वाळली की त्या चामड्यातून पाण्याचा थेंब झिरपत नसे. ओली मोट सडत नसे, उंदीर तिला तोंड लावत नसे.

ह्यातली मेख अशी की करडईचं तेल वाळतं. घाण्याबाहेरच्या माणसाला हे पटत नाही, तेल कधी वाळतं का म्हणतात. वाळतं. करडई आणि जवस उन्हात ठेवले की आधी साय धरतात, मग ती साय नखानं खरवडावी लागते इतकी कडक होते. शेंगतेल मात्र वर्षभर उन्हात ठेवा, बोट लावलं की बोटाला येणारच. खायला दोन्ही गोड. म्हणून रोगण करणारा माणूस तेल जिभेनं पारखत नाही. माझ्या भावाकडं जुन्या रोगणानं काळी गुळगुळीत झालेली कौलं होती. कुणाचंही तेल आलं की एका कौलावर थेंब पसरायचा आणि कौल पत्र्यावर उन्हात ठेवायचं. साय धरली तर तेल घ्यायचं, नाहीतर तेलाचा बुधला जसाच्या तसा परत. पंचक्रोशीतले घाणेवाले त्याच्या कौलाला वचकून असत.

फक्त माझ्याकडचं तेल कौलावर जात नसे. बहिणीच्या घरून आलेलं तेल पारखायचं नाही, ही आमच्या माहेरची रीत होती. बापानंही आत्तीच्या घरचं तेल कधी पारखलं नव्हतं. पारखलं तर बहिणीच्या तोंडावर तू चोर आहेस असं म्हटल्यासारखं. मी स्वतः तेल गाळून घ्यायची, चामड्याच्या बुधल्यात भरायची आणि माझ्या जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून बुधल्याचं तोंड बांधायची. ती चिंधी बघितली की भाऊ सरळ कढईत ओतायचा. एकदा त्याची बायको म्हणाली होती, "एकदा बगा की कौलावर." तर तो तिच्यावर असा खेकसला की तिनं पुन्हा ते नाव काढलं नाही. हे मला तिनंच हसत सांगितलं होतं. मी पण हसले होते, आणि खरं सांगायचं तर मला मोठा अभिमान वाटला होता. सासरी माझ्या शब्दाला कोण विचारत होतं? पण माळावरच्या त्या भट्टीवर माझ्या चिंधीला मान होता.

माझ्या नवऱ्याला शाहूपुरीनं वेड लावलं होतं. बैलाच्या घाण्याची त्याला लाज वाटायला लागली होती. इंजिनाचा घाणा टाकायचा, पांढरी टोपी घालून गादीवर बसायचं, एवढंच डोक्यात. माणूस वाईट नव्हता असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. तो गोड बोलायचा, माझ्यावर कधी हात उगारला नाही, पोरांना जत्रेला न्यायचा, आणि ह्या सगळ्याच्या आड त्यानं काय केलं ते आता सांगते.

त्या वर्षी करडई कमी पिकली होती आणि शेंग मात्र उदंड. मी भावासाठी नेहमीप्रमाणं तेल गाळलं, बुधले भरले, चिंध्या बांधल्या. गाडी नवऱ्यानं नेली. दरवेळी तोच न्यायचा. पुढं चैत्र लागला, उसाला पाण्याची ओढ लागली, आणि एक दिवस बाजारात तेलाच्या दुकानापाशी मला माहेरच्या बाजूचा एक शेतकरी भेटला. मी रोगणवाल्याची बहीण हे त्याला ठाऊक होतं. तो भर बाजारात ओरडला, "अवं बाई, तुमच्या भावाच्या मोटा कुत्र्यांनी वडून न्हेल्या की! गोड लागत्यात म्हणं!"

लोक हसले. मला वाटलं थट्टा करतोय. पण त्याचा चेहरा थट्टेचा नव्हता. मोटा वाळल्याच नाहीत, तो सांगत होता. हाताला चिकटायच्या, धूळ धरायच्या, पाण्यात घातल्या की शिवणीतून गळायच्या. रात्री विहिरीच्या धावेवर ठेवलेली मोट कुत्र्यांनी चघळली. उंदरांनी दोऱ्या कुरतडल्या. "माझा ऊस वाळाय लागलाय. तुमच्या भावाला म्हणावं, कुत्र्यांसाठी रोगण करत हुतास तर आदी सांगायचं हुतंस." मी काही न घेता घरी आले. भावाच्या हातून असं होणं शक्य नव्हतं. मला वाटलं, त्याला कुणीतरी फसवलं. वाटलं ते खरंच होतं म्हणा.

त्यानंतर थोड्याच दिवसांत भाऊ आला. ह्यावेळी जाऊसुद्धा काही बोलली नाही, त्याचं तोंडच तसं होतं. तो आत आला नाही. ओसरीवर बसला आणि धोतराच्या सोग्यात गुंडाळलेलं एक कौल काढून माझ्यासमोर ठेवलं.

"आक्का, बोट लाव."

मी बोट लावलं. बोट तेलकट झालं. थेंबावर माळाची लाल धूळ बसली होती.

"पयली मोट परत आली तवापासनं उन्हात हाय ह्ये," तो म्हणाला. "बुधल्याच्या तळाला उरलं हुतं त्यातलं. कढवाय बी लई येळ लागला. मी म्हनलो, लाकडं वली असतील."

मग त्यानं मुठीतली चिंधी काढली. माझ्या हिरव्या लुगड्याचा काठ. मला त्यावरचा हळदीचा डागसुद्धा ओळखता आला.

"ही तुझी हाय?"

"माझीच हाय."

"मग मी काय समजू, आक्का?"

"मला ठावं न्हाय रं बाळा. मी करडीचंच भरलं हुतं. तुझी शप्पत."

"व्हय," तो म्हणाला.

त्या एका 'व्हय'वर मी आयुष्यभर कुढत आले आहे. मोठ्या माणसाचा शब्द खाली पडू नये म्हणून लहानानं म्हणावं तसं ते होतं. त्याला पटलं नव्हतं. ज्याला मी तळहाताच्या फोडासारखा जपला त्यानं माझी शपथ ऐकली आणि माझं मन राखलं, बस्स. मी भाकरी वाढते म्हटलं तर म्हणाला, भूक न्हाय. माझ्या दारातून तो न जेवता गेला, असं तोवर कधी झालं नव्हतं. कौल तिथंच राहिलं.

नवरा संध्याकाळी आला. पाय धूत होता. मी कौल त्याच्यापुढं धरलं आणि विचारलं, "करडीचं तेल कुठं गेलं?"

लपवाछपवी करील असं मला वाटलं होतं. त्यानं तेवढेही कष्ट घेतले नाहीत. "मुंबईकडचा व्यापारी हाय एक, आगगाडीनं येतोय. त्याला दिलं. रंगाच्या कारखान्यास्नी लागतंय, वार्निसाला लागतंय. लाकडाला लावलं की काचंगत वाळतंय म्हणं. येत्या साली शाहूपुरीत त्याच्याच भागीत इंजान बसवायचं हाय."

"मग मिसळीचं त्याला द्यायचं हुतं की. माझ्या भावालाच का?"

तो माझ्याकडं असा बघायला लागला की जसं काही मीच खुळी. "त्यो काचंवर थेंब टाकतोय. वाळवून बघतोय, मग बुधला उचलतोय. त्याला कसं चालंल?"

"आन माझा भाऊ?"

"तुझा भाऊ बघत न्हाय," तो म्हणाला आणि पंचानं पाय पुसायला लागला. "तुझी चिंधी सोडायची, निम्मं शेंगतेल घालायचं, परत चिंधी बांधायची. तुझ्या चिंधीवर तर सगळं चाललं हुतं. आता एवढं काय झालंय? म्होरल्या साली देऊ चांगलं."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्याला चोख तेल मिळालं कारण तो संशय घेतो. माझ्या भावाला भेसळ मिळाली कारण तो माझ्यावर विश्वास ठेवतो. आणि हे करायला माझंच लुगडं फाडलं होतं, मीच फाडलं होतं, हौसेनं. सासरे माच्यावर पडून सगळं ऐकत होते. मी त्यांच्याकडं बघितलं तर त्यांनी भिंतीकडं कूस बदलली. त्यांनाही ठाऊक होतं. जावेलाही असणार. त्या घरात ठाऊक नसलेली मी एकटीच होते, आणि तेल माझ्या नावानं जात होतं.

मी ओरडले, रडले, ताटली फेकली. सांगण्यासारखं त्यात काही नाही. नवऱ्यानं मारलं आणि पावसानं झोडपलं तर दाद मागायची कुणाकडं? सकाळी उठून मी घरच्या खाण्यासाठी ठेवलेली करडई काढली. घाणा आधी पुसला, राखेनं घासला, पुन्हा पुसला, शेंगेचा वासही राहू नये म्हणून. बैल मी जुंपला. बैलामागं मी फिरले. घरातलं कुणी आडवं आलं नाही, माझं तोंड बघून आलं नसेल. बुधला भरला आणि तोंडाला सुतळी बांधली. चिंधी बांधायचा धीर झाला नाही.

बिघडलेल्या मोटा दुरुस्त होतात. अर्धवट चिकट राहिलेलं रोगण पाण्यानं जात नाही, राखेनं जात नाही. त्यावर कोमट केलेलं कच्चं करडईचं तेल चोळायचं. ते जुन्या चिकट थराला सोडवतं, मग चिंध्यांनी पुसून काढायचं आणि नवं रोगण चढवायचं. हे भावानंच मला कधीतरी सांगितलं होतं. तेव्हा माझा बेत असा, की मी जायचं, माळावर बसायचं, एकेक मोट माझ्या हातानं पुसून द्यायची. मग त्याला कळेल. तोंडानं सांगून जे पटलं नाही ते हातानं पटेल. मी एका गुळाच्या गाडीतून माहेरी गेले, बुधला मांडीवर धरून. तो कुणाच्या हातात दिला नाही. गाडीवान म्हणाला, "खाली ठेवा की बाई, पळून जाईल व्हय?" मी बुधला आणखी घट्ट धरला.

माळावर मोटांचा ढीग पडला होता. शेतकऱ्यांनी आणून टाकलेल्या, कडा चघळलेल्या, धुळीनं लाल. भाऊ भट्टीपाशी बसला होता. मला बघून उठला, पाया पडला. सगळं व्यवस्थित. भावजयीनं पाणी दिलं. मी त्याला सगळं सांगितलं, नवऱ्याचं एकही वाक्य गाळलं नाही. तो ऐकत होता, मान हलवत होता. म्हणाला, "जाऊ दे आक्का. झालं ते झालं." मी पदर खोचला, एक मोट ओढली आणि म्हटलं, "कढई ठेव. तेल कोमट कर."

भाऊ उठला. पत्र्याजवळ गेला. एक कौल उचललं, धोतरानं पुसलं, माझ्या बुधल्याची सुतळी सोडली, तेलात बोट बुडवलं आणि कौलावर थेंब पसरला. सगळं माझ्यासमोर. माझ्याकडं न बघता. मग कौल उन्हात ठेवलं.

"वाळू दे," तो म्हणाला. "तवर ऱ्हा हितंच. पोरं बी तुला बगून खूश हुतील."

मी राहिले. काय करणार होते? साय धरेपर्यंत मी माझ्या माहेरी पाहुणी म्हणून राहिले. भावजयीनं पुरणपोळी केली. पोरं अंगावर खेळली. भाऊ माझ्याशी पिकाचं बोलला, गावातल्या भांडणाचं बोलला. आणि रोज दुपारी तो पत्र्याकडं जायचा आणि वाकून बघायचा. मी लांबून बघत असायची. एवढं हलकं मला लग्नात सासू माझे दात बघत होती तेव्हाही वाटलं नव्हतं. एकदा तर वाटलं, उठावं, ते कौल उचलावं आणि दगडावर आपटावं. पण आपटलं असतं तर तो म्हणाला असता, बघा, ठाऊक होतं हिला.

थेंब वाळला. चोख वाळला. भावानं नखानं खरवडून बघितला आणि कढई चुलीवर ठेवली. मग आम्ही बहीण-भाऊ मोटा पुसायला बसलो. कोमट तेल लावलं की तो घाणेरडा थर सुटून यायचा आणि खालून स्वच्छ चामडं निघायचं. भाऊ हसला, म्हणाला, "लई झ्याक तेल हाय आक्का." तोंडात मारावी तसं मला ते लागलं. तेल झ्याकच होतं. ते मी आणलं होतं. ते कौलाला विचारून ठरवायचं नव्हतं.

मी परत नांदायला गेले. लोक विचारतात, सोडलं का नाही त्या माणसाला? जाणार कुठं होते? माहेरच्या पत्र्यावर माझ्या नावाचं कौल ठेवलं होतं. नवऱ्याला पुढं शाहूपुरीत इंजिनाच्या घाण्यात भागी मिळाली. पांढरी टोपी मिळाली, गादी मिळाली. देवानं त्याला काही शिक्षाबिक्षा केली नाही. म्हातारपणी तो माझ्या हातची पेज पीत गेला, आणि मरताना म्हणाला की तुला कधी काही कमी केलं नाही.

भावाचं आणि माझं कधी भांडण झालं नाही. भाऊबीजेला तो आला, मी गेले. मी त्याच्या डोक्याला तेल लावलं, ओवाळलं. त्याच्या पोरीच्या लग्नात पहिली हळद माझ्या हाताची. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय बहीण-भावाची माया! होतीच माया. पण मी नेलेलं तेल तो आधी कौलावर टाकायचा. नेहमी. दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, मला कळतं. पण पोळणारं दूध मी नव्हते.

भाऊ माझ्याआधी गेला. मी निरोप मिळताच निघाले. हातात काय न्यावं सुचेना, म्हणून करडईचं तेल घेतलं. माणूस गेलेल्या जागी दिवा लावतात, त्याला होईल म्हणून. पोचले तेव्हा माती झाली होती. जिथं त्याचा जीव गेला तिथं पीठ पसरून पणती ठेवली होती, अजून लावायची होती. मी भाच्याच्या हातात तेलाची बाटली दिली आणि म्हटलं, "ह्याची वात लाव."

भाच्याचे डोळे रडून सुजले होते. त्यानं बाटली घेतली, परसात गेला, आणि मला पत्र्यावर कौल ठेवल्याचा आवाज आला.

मी मागोमाग गेले. "काय करतोयस रं? जाळायच्या तेलाला वाळायची परीक्षा कशाला?"

तो गोंधळला. वाईट मनात असतं तर मला बरं वाटलं असतं. "बाचं सांगणं हुतं आत्ती," तो म्हणाला. "आक्काच्या घरचं तेल आलं की पयलं कौलावर. कशाचं का असंना. मला ल्हानपणापास्नं सवं हाय."

मी आत येऊन बसले. पणती लावल्याविना ठेवू नये म्हणून शेजारच्या पिंजाऱ्याची बायको उठली, घरून वाटीभर तेल आणि वातीला कापूस घेऊन आली. त्या तेलावर भावाचा दिवा लावला. माझं तेल परसात उन्हात ठेवलेलं होतं.